प्याला, विस्मृती आणि सिंधूची साक्ष

‘काल रात्री काय झालं, मला काहीच आठवत नाही.’ दारूने ग्रासलेल्या घरांतून हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. बायकोला ते धादांत खोटे वाटते. शेजारीपाजारी त्याला सबब समजतात. आई तेवढी ते खरे मानते आणि त्याच्याच आधारावर मुलाला पदरात घेते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली हेच वाक्य ‘मले काहीच आठवत नाही’ असे ऐकू येते. पण बोली बदलली तरी त्यामागची खाली घातलेली मान आणि समोरच्या बाईचा चढलेला सूर सगळीकडे सारखाच. या तिन्ही प्रतिक्रियांमध्ये एक गोष्ट समान आहे. बोलणारा माणूस प्रामाणिक आहे की लबाड, एवढाच प्रश्न तिथे विचारला जातो. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. हे वाक्य पुष्कळदा अक्षरशः खरे असते, आणि ते खरे असणे ही ते खोटे असण्यापेक्षा अधिक गंभीर गोष्ट आहे.

या वाक्याचे एक जुळे भावंड आहे : ‘दुःख विसरायला पितो.’ पहिले वाक्य सकाळचे, दुसरे संध्याकाळचे. आपल्या नाटक-सिनेमांनी, गझलांनी आणि भावगीतांनी दुसऱ्या वाक्याला फार लाडावून ठेवले आहे. पहिल्याकडे मात्र कोणी वळूनही पाहिले नाही. वस्तुतः ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की एक विलक्षण विसंगती दिसते. माणूस जे विसरण्यासाठी पितो ते त्याच्या लक्षात राहते, आणि जे लक्षात ठेवण्याची त्याच्यावर जबाबदारी असते ते त्याच्या मनावर उमटतच नाही. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी साहित्याच्या अभ्यासकालाही थोडे मेंदूच्या वाटेने जावे लागते.

त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी आपल्याच परंपरेतले एक साधन हाताशी घेऊ. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत : अनुभव आणि स्मृती. स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उपजणारे ज्ञान. म्हणजे अनुभव आला, त्याचा संस्कार मागे उरला आणि पुढे त्या संस्कारातून स्मृती जागी झाली, अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. मराठीत आपण ‘संस्कार’ हा शब्द मुंजी-लग्नांना आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातील भाषणांना वाहून टाकला. नैयायिकांच्या लेखी मात्र तो अनुभवाने मनावर सोडलेला ठसा होता. आज मेंदूशास्त्र ज्या क्रियेला स्मृतीचे दृढीकरण म्हणते, तिला इतका नेमका देशी शब्द दुसरा सापडणार नाही. नैयायिकांना मेंदूची रचना माहीत होती असे मला मुळीच सुचवायचे नाही (तशी फॅशन आजकाल फार आहे). मात्र विचाराची विभागणी त्यांनी चोख केली होती, आणि आपल्या प्रश्नाला ती तंतोतंत लागू पडते. पिणाऱ्याला अनुभव येतो. संस्कार होत नाही. मग स्मृती कुठून येणार?

हा संस्कार घडवण्याचे काम मेंदूत मुख्यतः हिपोकॅम्पस नावाच्या भागाकडे असते. कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक असा हा अवयव. समुद्री घोड्यासारख्या आकारामुळे त्याला हे ग्रीक नाव मिळाले. त्याचे महत्त्व जगाला कळले ते एका माणसाच्या दुर्दैवातून. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला फेफऱ्याचा तीव्र विकार होता. १९५३ साली शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे हे भाग बऱ्याच अंशी काढून टाकण्यात आले. फेफरे कमी झाले, पण त्यानंतर मोलेसनला नवी आठवण म्हणून धरता येईना. बालपण आठवे, भाषा शाबूत, समोरच्याशी सभ्यपणे गप्पा मारी. माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याच्याशी पुन्हा नव्याने ओळख. २००८ साली तो वारला तोवर, पंचावन्न वर्षे, तो अशाच सरकत्या वर्तमानात जगला.

भरपूर दारू भराभर पोटात गेली की काही तासांपुरता माणसाचा मोलेसन होतो. मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक दूतांमार्फत बोलतात. त्यांपैकी ग्लुटामेट हा उत्तेजन देणारा आणि गाबा हा शांत करणारा. दारू एकीकडे गाबाचा प्रभाव वाढवते आणि दुसरीकडे ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना अडथळा आणते. याच ग्राहींमधून पेशी-पेशींमधला दुवा बळकट होत असतो, आणि तो बळकट होणे हाच संस्काराचा पाया. दार बंद झाले की अनुभव दारापर्यंत येतो, क्षण-दोन क्षण थांबतो आणि विरून जातो. येथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. ही बेशुद्धी नव्हे. शुद्ध हरपलेला माणूस ओट्यावर पडून राहतो, आणि तो निदान निरुपद्रवी असतो. ज्याचे संस्काराचे दार बंद झाले आहे तो मात्र चालतो, बोलतो, हिशेब करतो, मोटारसायकल चालवतो, भांडतो, हात उगारतो. त्याला घराचा रस्ता ठाऊक असतो, कारण तो जुना संस्कार आहे. बायकोचे नाव ठाऊक असते. समोरच्याने आत्ता काय म्हटले तेही त्याला एक-दोन मिनिटे धरता येते, म्हणून त्याचे उत्तर सुसंगत असते. समोर उभ्या असलेल्या माणसाला तर शंकाही येत नाही की या संभाषणाची नोंद फक्त आपल्याच बाजूला होते आहे.

डोनाल्ड गुडविन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने हे प्रयोगाने दाखवले. १९६९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या १०० मद्यपींच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांतील ६४ जणांना अशा कोऱ्या रात्रींचा अनुभव होता. काहींच्या बाबतीत तुकडे शिल्लक राहत, कोणी आठवण करून दिली की आणखी काही जुळत. काहींच्या बाबतीत मात्र एका ठरावीक क्षणापासून पुढचा पट्टाच नाहीसा, आणि कितीही खुणा सांगितल्या तरी तो परत येत नसे. कारण परत यायला तो मुळात साठलाच नव्हता. पुढच्या वर्षी गुडविनने दहा पुरुषांना चार तासांत सुमारे अर्धा लिटर बर्बन व्हिस्की पाजली आणि त्यांच्यासमोर मुद्दाम विसरता येऊ नयेत असे प्रसंग घडवले. एका प्रसंगात झाकलेला तवा हातात धरून त्याने विचारले, भूक लागली आहे का? आणि सांगितले की यात मेलेले उंदीर आहेत. दोन मिनिटांनी विचारले तर माणसे बरोबर सांगत. अर्ध्या तासाने त्यांतल्या निम्म्यांना तव्याचा किंवा उंदरांचा पत्ता नव्हता, आणि दुसऱ्या दिवशीही नव्हता. मेलेल्या उंदरांचा तवा जो विसरतो तो बायकोला दिलेली शिवी लक्षात ठेवील, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

यात प्रमाणाइतकीच गतीही महत्त्वाची असते. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्राम मद्यार्क इतकी आहे. कोऱ्या रात्री सर्वसाधारणपणे तिच्या पाचपटीच्या आसपास आणि तिच्यापुढे संभवतात, आणि रक्तातील पातळी झपाट्याने चढली तर त्यांचा धोका फार वाढतो. आता हे आपल्या तालुक्यांत आणून पाहा. बाजाराच्या दिवशी मजुरी हाती पडली की रिकाम्या पोटी, उभ्याउभ्या देशीचा पव्वा संपवण्याची रीत. सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूर-जळगाव जामोदकडे मोहाची, अन्यत्र हातभट्टीची, जिच्या तीव्रतेचा ठावठिकाणा गाळणाऱ्यालाही नसतो. चवीने, जेवणासोबत, सावकाश पिणे ही सवड असलेल्यांची चैन आहे. ज्याला चोरून आणि चटकन प्यायचे आहे त्याच्या वाट्याला विस्मृती अधिक येते. म्हणजे गरिबाच्या घरात ‘मला आठवत नाही’ हे वाक्य खरे असण्याचा संभव श्रीमंताच्या दिवाणखान्यापेक्षा जास्तच.

आता दुसऱ्या वाक्याकडे, ‘दुःख विसरायला पितो’ याच्याकडे वळू. वरच्या विवेचनातून एक गोष्ट उघड होते : दारू नवा संस्कार रोखते, जुना पुसत नाही. कर्जाची नोटीस काल आली, सोयाबीन महिन्यापूर्वी सडले, भावाने बांध गेल्या वर्षी कोरला. हे सगळे आधीच नोंदले गेले आहे आणि प्याल्याचा हात तिथवर पोहोचत नाही. पिताना त्याची धार बोथट वाटते, मन दुसरीकडे वाहवते, हे खरे. सकाळी मात्र नोटीस जशीच्या तशी असते. किंबहुना प्रयोगांतून याहून विचित्र निष्कर्ष निघाले आहेत. दारू पिण्याच्या थोडे आधी जे शिकले वा अनुभवले ते, पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांपेक्षा अधिक चांगले आठवते असे १९८० च्या सुमारापासूनच्या काही प्रयोगांत आढळले. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील ब्रूस आणि पील यांनी १९९७ साली भावनेने भारलेल्या आठवणींबाबत असेच दाखवले. कारण बहुधा असे असावे की नंतरचे नवे अनुभव आत येत नाहीत, त्यामुळे आधीच्या आठवणीवर दुसरी आठवण साचत नाही आणि ती निवांत पक्की होते. अपमान झाल्यावर थेट गुत्त्याकडे जाणारा माणूस तो अपमान पुसायला निघालेला असतो, आणि घडते ते हे की त्या दिवसाची शेवटची स्पष्ट आठवण म्हणून तोच अपमान उरतो.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा सुधाकर या प्रकाशात वाचून पाहावा. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या विदर्भातल्याच सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणले. सुधाकर बुद्धिमान वकील. न्यायालयातल्या उद्धट वर्तनामुळे त्याची सनद काही काळापुरती रद्द होते, आणि ती जखम झोंबत असतानाच तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. नाटकावर शंभर वर्षे जी चर्चा झाली ती मुख्यतः ‘एकच’ या शब्दाभोवती : एकाने भागत नाही, दुसरा येतोच, इत्यादी. मला नाटकातली खरी मेख दुसरीकडे वाटते. पाच अंकांत सुधाकर सगळे गमावतो, एक गोष्ट सोडून, तो अपमान. मध्यंतरी तो शपथ घेऊन दारू सोडतो, कामासाठी जुन्या परिचितांकडे जातो, तिथे झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. एवढे प्याले रिचवूनही पहिला अपमान जर पुसला गेला असता, तर दुसरा इतका खोल लागला नसता. गडकऱ्यांना एनएमडीए ग्राही ठाऊक नव्हते. माणूस ठाऊक होता. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, शरच्चंद्रांची ‘देवदास’ प्रसिद्ध झाली. पारोला विसरण्यासाठी पिणारा देवदास मरायला जातो तो पारोच्याच दाराशी. सैगलपासून शाहरुखपर्यंत प्रत्येक पिढीने त्याच्यासाठी अश्रू ढाळले, पण त्याच्या उपायाचा काडीचाही उपयोग झाला नाही हे कथानक स्वतःच सांगते आहे, तिकडे लक्ष द्यायला आपण विसरलो.

हा प्रश्न केवळ रसग्रहणाचा नाही. २००६ साली पंतप्रधानांनी पश्चिम विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवताना ‘कर्ज होते की व्यसन होते’ असा प्रश्न घातला जातो, जणू ही दोन वेगवेगळी माणसे आहेत. दारूने कर्ज विसरता आले असते, तर ‘व्यसनी’ माणसाला कर्जापायी मरण्याचे कारणच उरले नसते.

दीर्घकाळ पिणे आणि अर्धपोटी राहणे यांतून ही विस्मृती कधी कायमची होते. रशियन वैद्य सर्गेई कोर्साकॉव्हने १८८७ च्या सुमारास वर्णिलेला हा विकार थायमिनच्या, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या, अभावाने होतो. दारू ते जीवनसत्त्व शोषू देत नाही, आणि पिणारा भाकरी-वरणाला तोंड लावत नाही. असा रुग्ण आठवणीतली पोकळी गोष्टींनी भरतो. काल पंढरपूरला जाऊन आलो असे तो पूर्ण खात्रीने सांगतो, आणि ते खोटे बोलणे नसते. वेळीच थायमिनची इंजेक्शने मिळाली तर पुष्कळ नुकसान टळू शकते. गावात अशा माणसाला ‘वेड लागलं’ म्हणून ओसरीवर बसवून ठेवतात.

दारूची नातलग असलेली झोपेची गोळी मात्र प्रतिष्ठित घरांतून नांदते, म्हणून तिच्याविषयी कोणी बोलत नाही. डायझेपाम, अल्प्राझोलम, लोराझेपाम ही मंडळी त्याच गाबाच्या ग्राहींवर काम करतात आणि नव्या संस्काराची वाट तशीच अडवतात. वैद्यकाने या दुर्गुणाचा सद्गुण केला आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी पोटाची दुर्बिणीची तपासणी करून आले. तपासणीपूर्वी त्यांना मिडाझोलामचे इंजेक्शन दिले होते. सोबत गेलेल्या त्यांच्या मुलाने सांगितले की, बाबा डॉक्टरांच्या प्रत्येक सूचनेला ‘हो’ म्हणत होते, वळा म्हटले की वळत होते, एकदा तर त्यांनी नळी किती जाड आहे असेही विचारले. गाडीत बसल्यावर हे गृहस्थ चिरंजीवांना विचारतात, ‘अरे, तपासणी केव्हा करणार आहेत?’ सगळे हसले, तेही हसले. हसता आले, कारण त्या अर्ध्या तासाची नोंद डॉक्टरांच्या कागदावर होती, परवानगीची सही आधी घेतली होती आणि इजा कोणालाच झाली नव्हती. कोरी रात्र आणि कोरी दुपार यांच्यामागचे रसायन जवळजवळ एकच. त्यांच्या भोवतीची व्यवस्था मात्र संपूर्ण वेगळी.

यांतल्या डायझेपाम, अल्प्राझोलमसारख्या गोळ्या आणि झोल्पिडेमसारखी झोपेची औषधे १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. म्हणजे औषध दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी पाहून, वेगळ्या वहीत नोंद करूनच ती द्यायची. प्रत्यक्षात जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे एकच गोळी घेणाऱ्या आज्या आपल्या ओळखीच्या असतात. त्यांचा विसरभोळेपणा आपण वयाच्या खात्यावर टाकतो. तो कदाचित उशाशी ठेवलेल्या पाकिटातून येत असेल, हे त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारायला काय हरकत आहे? (आपल्या मनाने गोळी एकाएकी बंद मात्र करू नये, दारूप्रमाणेच तीही अचानक सोडली तर झटके येऊ शकतात.) दारू आणि गोळी एकत्र आली तर विस्मृती दुणावते आणि श्वासही मंदावतो. ताडीत क्लोरल हायड्रेट वा अल्प्राझोलम मिसळणारे भेसळखोर आपल्या राज्यात आणि शेजारच्या तेलंगणात पकडले गेले आहेत. तिथे तर पिणाऱ्यालाच ठाऊक नसते की आपली रात्र कोणी चोरली.

येथे कायद्याने केलेला एक भेद साहित्याच्या माणसांनीही शिकून घ्यावा असा आहे. न कळत वा इच्छेविरुद्ध नशा दिली गेली आणि त्यामुळे कृत्याचे स्वरूपच कळण्याची क्षमता राहिली नाही, तर कायदा त्या माणसाला दोष देत नाही. जो आपल्या हाताने प्याला त्याला मात्र, न पिता जेवढे कळले असते तेवढे कळत होते असे धरून वागवतो. १८६० च्या दंडसंहितेत ही कलमे ८५ आणि ८६ होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती २३ आणि २४ झाली. १९५६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य हा निकाल या संदर्भात नेहमी सांगितला जातो. लग्नाच्या जेवणात एका निवृत्त जमादाराने, बसण्याची जागा सोडली नाही म्हणून, एका पोरगेल्या मुलावर गोळी झाडली होती. तो भरपूर प्यायलेला होता. पण चालत होता, सुसंगत बोलत होता, पळण्याचा प्रयत्न करत होता. न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम ठेवली. आठवण आणि जाण या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे गुडविनच्या तव्याआधी चौदा वर्षे त्या निकालात गृहीत धरलेले दिसते. ‘मला आठवत नाही’ हे सकाळच्या मेंदूविषयीचे विधान आहे. हात उगारला त्या क्षणी हाताच्या मालकाला कळत होते की नाही, याविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. आईची माफी आणि नवऱ्याची आत्मदया या दोन्ही गोष्टी नेमक्या या फटीत वाढतात : आठवत नाही, म्हणजे ते मी केलेच नाही.

मग त्या रात्रीची आठवण असते कुणाकडे? अर्थात शुद्धीवर असलेल्या माणसाकडे, म्हणजे बहुतेक वेळा बायकोकडे आणि दाराआड उभ्या असलेल्या मुलांकडे. भीतीने मेंदू संस्कार अधिक खोल करतो, हेही शास्त्रच सांगते. त्यामुळे एकाच रात्रीची एका उशीवर कोरी पाटी आणि दुसऱ्या उशीवर दगडावरची रेघ. या घराचा इतिहास एकट्या बाईने सांभाळायचा आणि तो सांगितला की ‘तुला जुनं उकरून काढायची सवयच आहे’ हे ऐकून घ्यायचे. आपल्या भाषेत आठवणीसाठी पदराला गाठ मारतात. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ज्या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला त्याचे नावच ‘खूणगाठी’. त्या कवितांचा विषय वेगळा, पण हा शब्द मला नेहमी या बायकांच्या पदराशी नेतो.

आणि म्हणूनच ‘एकच प्याला’तली सिंधू मला आज अस्वस्थ करते. दारूच्या नशेत सुधाकर तान्ह्या मुलाचा जीव घेतो आणि सिंधूलाही प्राणांतिक दुखापत करतो. मरणाच्या दारात, फौजदारासमोर, ती नवऱ्यावर दोष येऊ देत नाही. बालगंधर्वांची ठिगळ लावलेल्या लुगड्यातली सिंधू पाहून प्रेक्षागृहे रडली, आणि आपली समीक्षाही पातिव्रत्याच्या परमोच्च बिंदूपाशी हात जोडून थांबली. एकदा हा प्रवेश शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग बाळाचं काय झालं ते कुठं लिहिलं गेलं?’ मला हा प्रश्न या नाटकावरच्या कित्येक जाडजूड प्रबंधांपेक्षा मोलाचा वाटतो. ज्या घरात कर्त्या पुरुषाचा संस्कार पुसला आहे तिथे सिंधूचा जबाब ही एकमेव नोंद होती, आणि नाटककाराने तिच्याच हातून ती नष्ट करवली. रंगभूमीवर हे खपते, कारण तिथे पाचशे प्रेक्षक साक्षीला बसलेले असतात. घरात ते नसतात. सरकारी दवाखान्यात ‘कसं लागलं?’ या प्रश्नाला ‘पायरीवरून पडले’ असे उत्तर देणारी बाई सिंधूचीच वारस आहे. फरक इतकाच की तिच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत.

गडकऱ्यांना १९१९ च्या समाजात दुसरा शेवट करता आला असता का, हा वाद मी येथे घालणार नाही. माझी तक्रार त्यांच्यापेक्षा आपल्या वाचनाशी आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे मराठी समाज हळूहळू मान्य करू लागला, आणि ते योग्यच झाले. पण आजाराची भाषा आली तशी ‘बिचारा, त्याला आठवतसुद्धा नाही’ ही भाषाही तिच्या आडून आली. खरे तर या आजाराशी झगडणाऱ्यांनी स्वतःसाठी अशी सवलत मागितलेली नाही. १९३५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि आज आपल्याकडेही मराठीतून सभा घेणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली आठवी पायरी अशी आहे की, आपण ज्यांना ज्यांना दुखावले त्यांची यादी करायची. ज्याच्या रात्रीच कोऱ्या आहेत त्याला ही यादी आपल्या डोक्यातून करता येणार नाही. त्याला वही घेऊन बायकोसमोर, मुलासमोर, शेजाऱ्यासमोर बसावे लागेल आणि विचारावे लागेल, आणि ती सांगेल ते ‘असं झालंच नव्हतं’ न म्हणता लिहून घ्यावे लागेल. ती सगळे सांगेलच असे नाही.

नवरा वही घेऊन बसेल तेव्हा बसेल. तोवर तिच्यासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याने भरायचा एक घटना-अहवाल आहे. त्या नमुन्यात हिंसेची तारीख, वेळ आणि ठिकाण यांसाठी रकाना आहे. कागद नेमका तोच तपशील मागतो जो नवऱ्याच्या मेंदूत उमटलेला नसतो, आणि वर्षभरानंतर एवढ्या काटेकोरपणे तो तिलाही सांगणे जड जाते, कारण अशा रात्री एक-दोन नसतात. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. त्याच्या चौकोनांत बाया दुधाचा खाडा मांडतात, गॅसची टाकी कधी लागली ते लिहितात. त्याच चौकोनात एक बारीक फुली आणि शेजारी रात्रीची वेळ लिहायला जागा पुरते.